कबालानुसार माणसाचा स्वार्थ हेच दुःखाचे मूळ असेल, तर निर्माणकर्त्याने माणसाला स्वार्थी घडवलेच कशाला? आणि जो अधिक दुःख भोगतो तो अधिक स्वार्थी समजायचा का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग माझ्या आईने डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या माझ्या थोरल्या भावाला विचारला होता. त्याने तेव्हा दिलेले उत्तर मला अजून पचलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, मूळचे अलिबागकडचे. मी शाळेतून निवृत्त होऊन ठाण्यात राहते आणि दादा १९९३ पासून इस्राएलमध्ये, अश्दोदला असतो.

आधी पहिल्या भागाविषयी. तुम्ही ज्या शब्दांत प्रश्न मांडला आहे ते शब्द सगळ्या कबालाचे, म्हणजे यहुदी गूढविद्येचे, नाहीत, ते मुख्यतः रब्बी येहुदा अश्लाग यांच्या परंपरेतले आहेत. पोलंडमधले अश्लाग १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जेरुसलेमला आले, तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये उजेडात आलेल्या झोहार या कबालाच्या मुख्य ग्रंथावर त्यांनी ‘सुलाम’, म्हणजे शिडी, या नावाचे भाष्य लिहिले आणि १९५४ मध्ये ते वारले. त्यांचे म्हणणे असे की निर्माणकर्त्याचा हेतू एकच आहे, आपल्या निर्मितीला सुख द्यावे. सुख द्यायचे तर ते घेणारे कोणीतरी हवे, म्हणून त्याने घेण्याची इच्छा उत्पन्न केली. हिब्रूत तिला ‘रात्सोन लेकाबेल’ म्हणतात, आणि ती इच्छा हेच ‘केली’, म्हणजे ते सुख, कबालाच्या भाषेत प्रकाश, भरायचे भांडे. तेव्हा स्वार्थ हा घडणावळीत राहून गेलेला दोष नव्हे. माणूस ज्या मातीचा घडवला ती मातीच ती आहे. अडचण पुढे येते. अध्यात्मातले अंतर कोसांनी मोजत नाहीत, स्वभावाच्या साम्यावरून मोजतात. तो केवळ देणारा आणि आपण केवळ घेणारे, म्हणजे स्वभावाने दोन टोके. त्या दुराव्याची जी कळ लागते तिलाच आपण दुःख म्हणतो. त्यावर उपाय म्हणून इच्छा मारायची नाही, घ्यायचे तेही देणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून घ्यायचे.

हे समजावण्यासाठी अश्लाग यजमान आणि पाहुण्याचा दृष्टान्त देतात, आणि मराठी माणसाला तो फोड करून सांगण्याची गरज पडू नये. पाहुण्याला भूक आहे, पण फुकटचे खाण्याची लाज वाटते म्हणून तो नको म्हणतो. यजमान आग्रह करतो, पुन्हा करतो, आणि अखेर पाहुणा घास घेतो तेव्हा तो पोटासाठी राहत नाही, यजमानाचे मन राखण्यासाठी होतो. अलिबागच्या इस्राएल आळीत माझी आत्या पंक्तीत वाढायला उभी राहिली की ताटावर आडवा धरलेला हातही तिच्या पळीला अडवू शकत नसे, आणि जास्तीची पुरणपोळी खाऊन आम्ही तिच्यावर उपकार करतो आहोत असे तिचा चेहरा सांगत असे. त्या लाजेला कबालात ‘नहामा दिकिसुफा’ म्हणजे लाजेची भाकर असा शब्द आहे, आणि ही कल्पना अश्लाग यांच्या कितीतरी आधीची आहे. निर्माणकर्त्याने सगळे सुख आयते ओंजळीत का घातले नाही, याचे परंपरेने दिलेले उत्तर ते हेच: आयते मिळाले असते तर आपल्याला मान वर करून त्याच्याकडे पाहता आले नसते. बदलाचे मार्ग अश्लाग दोन सांगतात. समजून उमजून बदला, नाहीतर दुःख मागून ढकलत नेईलच, फक्त त्याला वेळ लागेल आणि ते अंगावर वळ उठवील.

इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही.

२०१५ मध्ये आईची दोन्ही मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली. ती तेव्हा ७६ वर्षांची होती. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास यंत्रावर, आणि दिवसभरात चहा, आमटी, औषधाचा घोट सगळे धरून ७०० मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ पोटात जाऊ द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना तहान म्हणजे काय ते सांगायला नको. मी दोनशे पानी वही घातली होती. यंत्रावर जाण्यापूर्वीचे वजन, उतरल्यावरचे वजन, रक्तदाब आणि घोटाघोटाचा हिशेब तीत असे. फारच कासावीस झाली तर तिला बर्फाचा एक खडा देण्याची परवानगी होती. तो खडा ती गालात एका बाजूला धरून ठेवी आणि मला खुणेने सांगे की वहीत लिही, नाहीतर नर्स मला ओरडेल.

त्या काळात दादा तिकडे कबालाच्या एका अभ्यासवर्गाला जाऊ लागला होता. वर्गाचे नाव मी सांगणार नाही, कारण माझे भांडण दादाशी आहे. एका शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, उतरल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आईच्या तोंडात बर्फाचा खडा होता. कशी आहेस, असे विचारून झाल्यावर तो म्हणाला, “आई, तहान वाईट नसते. इच्छा म्हणजेच भांडं. भांडंच नसेल तर प्रकाश भरायचा कशात?”

आईने खडा या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाली, “भांडं आहे रे माझ्याकडे, चांगलं मोठं आहे. त्यात पाणी घालायला डॉक्टरांनी बंदी केलीय.”

मी हसले. दादा हसला नाही, उलट त्याला हुरूप आला. घेता येत असतानाही न घेणे यालाच ‘मासाख’, म्हणजे पडदा, म्हणतात आणि तू नकळत तीच साधना करते आहेस, असे तो तिला समजावू लागला. इथे सिद्धान्ताच्या अंगानेही तो चुकत होता. मासाख आपण आपल्या मनाने धरायचा असतो, डॉक्टरांनी लादलेल्या बंदीला मासाख म्हणत नाहीत. तसे असते तर तुरुंगातला प्रत्येक कैदी संन्यासी ठरला असता. पण आईला या काथ्याकुटात रस नव्हता. तिने शेजारच्या खाटेकडे पाहिले. तिथे १९ वर्षांचा एक मुलगा उशीवर मोबाईल टेकवून क्रिकेट पाहत होता. आवाज खाली आणून तिने विचारले, “मग हा पोरगा माझ्यापेक्षा हावरट का रे? हा तर माझ्या आधीपासून येतोय.”

दादा म्हणाला, “आई, एकेका माणसाचा हिशेब नसतो तो. सगळ्या मानवजातीच्या स्वार्थाचा भार आहे. आणि शेवटी हे सगळं चांगल्यासाठीच चाललंय.”

मी फोन बंद केला. रात्री त्याचा लांबलचक ध्वनिसंदेश आला, त्यात कच्च्या फळाचा दृष्टान्त होता. फळ पिकेपर्यंत आंबट आणि तुरट असते, म्हणून अर्धवट काम पाहून कर्त्याला बोल लावू नये, हे अश्लाग यांचेच म्हणणे आहे. मी उलट लिहिले की कैरीला आढीत घातल्याचे कळत नाही, आईला कळते. त्यानंतर महिनाभर आम्ही बोललो नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. दादाचे उत्तर पुस्तकाला धरून होते, हे मला तेव्हाही कळत होते. अश्लाग यांचा विचार सबंध सृष्टीविषयी आहे आणि तिथे तो भव्य आहे, पण एका खाटेवरच्या एका माणसाला तो लावला की त्याचा आरोप होतो. आमच्या शेजारीण काकू दर रविवारी डबा घेऊन येत आणि जाताना ‘भोग आहेत, दुसरं काय’ म्हणत. काकूंचे भोग आणि दादाचे भांडे यांत आईला काही फरक वाटला असेल असे मला वाटत नाही. डबा मात्र काकू आणत होत्या.

शिवाय अश्लाग यांच्या आधीची कबालाही दादाच्या बाजूने तितकी नाही. स्पेनमधून १४९२ मध्ये यहुदी हाकलले गेले, त्यांच्यातले अनेक पुढे गालीलातल्या त्सफात गावी येऊन वसले, आणि तिथे १५७० मध्ये आलेल्या इसहाक लुरियांनी जे सांगितले ते असे: अनंताने स्वतःला आकसून जागा केली, त्या जागेत प्रकाश भरण्यासाठी भांडी घडवली, ती भांडी प्रकाश न पेलून फुटली आणि ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. लुरिया दोनच वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, साथीत दगावले. हे सगळे पुढे त्यांच्या शिष्याने, हायिम व्हिताल यांनी, लिहून ठेवले. भांडी फुटली तेव्हा आदामसुद्धा जन्मलेला नव्हता. मग त्या तुकड्यांचा हिशेब ठाण्यातल्या एका म्हातारीकडे किंवा १९ वर्षांच्या पोराकडे कसा मागता येईल? त्यांच्या वाट्याला ठिणग्या वेचण्याचे काम येते, फोडल्याचा दोष येत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणून ‘नाही’ असे आहे, आणि त्याला माझ्याकडून पुरवणी नाही.

तालमूद, म्हणजे प्राचीन रब्बींच्या चर्चांचा आमचा धर्मग्रंथ, याहून सरळ बोलतो. बराखोथ या प्रकरणाच्या पाचव्या पानावर आधी रब्बींची चर्चा आहे की काही दुःखे ईश्वर प्रेमापोटी देतो. पान उलटले की रब्बी योहानान आजारी मित्राला भेटायला गेलेले दिसतात. हे दुःख तुला प्रिय आहे का, असे ते विचारतात. तो म्हणतो, दुःखही नको आणि त्याचे बक्षीसही नको. त्यावर योहानान त्याला प्रेमाच्या दुःखाचे तत्त्व ऐकवत नाहीत. ते म्हणतात, हात दे. आणि त्याला उठवून उभा करतात. या योहानानांनी स्वतःचे दहा मुलगे पुरले होते, म्हणजे तत्त्व सांगण्याचा अधिकार कोणाला असेलच तर तो त्यांना होता. नेदारीम या प्रकरणात आणखी एक नियम आहे: आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्याने त्याच्या खाटेवर किंवा खुर्चीत बसू नये, खाली बसावे, कारण शेखिना, म्हणजे ईश्वराचे सान्निध्य, आजाऱ्याच्या उशाशी असते. हे दोन्ही उतारे मी दादाला टाईप करून पाठवले होते. त्याने ते पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही.

स्वतःविषयीही एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हे सगळे एकतर्फी होईल. आईच्या त्या वहीत समासाला पेन्सिलीच्या फुल्या होत्या. ज्या दिवशी दादाचा फोन आला नाही त्या दिवशी मी एक फुली मारत असे. अश्लाग यांच्या परंपरेत माणसाच्या देण्याघेण्याचे प्रकार पाडलेले आहेत, आणि त्यांत ‘घेण्यासाठी देणे’ असा एक आहे. दादाने पाठवलेल्या पुस्तकात तो वाचला तेव्हा मी आईच्या खाटेशेजारीच बसले होते, आणि पुस्तक मिटून पर्समध्ये ठेवले. पाठीत कळ येईपर्यंत मी आईचे केले, त्यातले किती आईसाठी आणि किती दादाला एक दिवस ती वही दाखवण्यासाठी, हे मला आजही नीट वेगळे काढता येत नाही. आईचे या बाबतीत सोपे होते. एलियाहू हानाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, बोललेल्या नवसाचा मलिदा तिने त्याच वर्षी घरी करवून घेतला. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, खजूर, केळी. खोबरे, खजूर आणि केळी तिला पोटॅशियममुळे वर्ज्य होती, म्हणून तिने चिमूटभर पोहे तेवढे तोंडात टाकले आणि बाकीचा डबा वॉर्डात वाटायला लावला. वाटताना प्रत्येकाला विचारले, “वेलची बेताची पडलीय ना?” आणि हो म्हणेपर्यंत पुढच्याकडे गेली नाही. तिचे ते देणे होते की घेणे, हे कोणत्याही वर्गात नेऊन विचारावे.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल आणि त्यासाठी तुम्ही हे विचारत असाल, तर कबाला जरूर वाचा, पण ती स्वतःला लावण्यासाठी वाचा आणि आजाऱ्याच्या खोलीत जाताना पुस्तक बाहेर ठेवा. परदेशातून फोनवर तर तत्त्वज्ञान कधीच सांगू नका. तिकिटाचे पैसे नसतील तर तसे सांगा, ते आईला समजते.

जाता जाता दोन गोष्टी. मी शाळेत इतिहास शिकवला आहे, हिब्रू मला प्रार्थनेपुरते येते आणि हे ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरातून वाचले आहेत. सगळे कबालिस्ट अश्लाग यांची मांडणी जशीच्या तशी मानत नाहीत, हेही लक्षात असू द्या. आणि ७०० मिलिलिटर हा आकडा आमच्या आईपुरता होता. तो दुसऱ्या रुग्णाला लावू नका.

दादा अखेर सुक्कोथचा सण उरकून ऑक्टोबरात आला आणि पाच आठवडे राहिला. वॉर्डात एकच प्लास्टिकची खुर्ची होती, ती तो मला देई आणि स्वतः औषधांच्या खोक्यावर बसे. भांड्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. ऑक्टोबरचा उकाडा होता आणि त्याला दिवसातून तीन-चार बाटल्या पाणी लागायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की तो दर वेळी उठून जिन्यापर्यंत जातो, तिथे पाणी पितो, तोंड पुसतो आणि मग परत येऊन आईजवळ बसतो.