वर्कशॉपमधला चार पायांचा सोबती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये १२ बाय २० फुटांचा गाळा आहे. दोन वर्षांची गावठी कुत्री दिवसभर माझ्यासोबत असते. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेवरची करवत) आणि सँडर (लाकूड घासायचं मशीन) त्याच गाळ्यात चालतात. तिला आत ठेवलं तर चालेल का?

उत्तर: रंधा, पटाशी, हातकरवतीचं काम असेल तोवर खुशाल ठेवा. मशीनचं बटण दाबण्याआधी मात्र ती बाहेर आणि दार बंद. यात सवलत नको.

पहिली काळजी तुमच्या बोटांची. फळी पात्यावर सरकत असताना तिने लाडाने गुडघ्याला ढुशी दिली, तर हात कुठे जाईल याचा नेम नाही. मग आवाज. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. त्यामुळे राउटरची (लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या मशीनची) किंचाळी तिला जास्त टोचते. कान मागे पाडून ती कोपऱ्यात गप्प बसली, म्हणजे सवय झाली असं समजू नका. बहुतेक वेळा ती घाबरलेली असते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट धूळ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. कुत्र्याचं नाक जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर, म्हणजे पावलागणिक धूळ उडते तिथेच. जमिनीवर दिसतो तो जाड भुसा. फुप्फुसात उतरणारी बारीक धूळ मशीन थांबल्यावरही बराच वेळ तरंगत राहते. एमडीएफच्या (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या फळीच्या) धुळीत तर फॉर्माल्डिहाइडचं रेझिनही असतं. म्हणून कापकाम झाल्यावर तासभर पंखा आणि शटर चालू-उघडं ठेवा. झाडू मारू नका, त्याने बसलेली धूळ पुन्हा उठते. व्हॅक्यूम, मग ओला पोछा, मगच तिला आत घ्या. घरी निघताना ओल्या फडक्याने तिचं अंग आणि पंजे पुसा, नाहीतर चाटून चाटून तीच धूळ पोटात जाते.

दुसरी खोली नसेल तर शटरकडचे ४ फूट प्लायच्या पार्टिशनने छतापर्यंत तोडा. अर्धं फाटक कुत्र्याला अडवतं, धुळीला नाही. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये एवढीशी जागा भट्टी होते. तिथे पंखा आणि पाणी नसेल, तर तिला त्या दिवसांत घरीच ठेवलेलं बरं.

प्रश्न: नेरूळला बाल्कनीत छोटं सुतारकाम करतो. आमच्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाने डिंकाची बाटली चावली. त्याला काही झालं नाही, पण पुढे असं झालं तर काय करायचं?

उत्तर: डिंक कोणता, यावर सगळं आहे. पांढरा फेव्हिकॉलसारखा डिंक थोडा चाटला तर बहुधा उलटी-जुलाबावर भागतं. फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू मात्र खरा घातक. तो विष म्हणून मारत नाही. पोटातल्या ओलाव्याने आणि उबेने फेसासारखा फुगतो आणि पोटाच्या आकाराचा कडक गोळा होतो. त्याला दोन-तीन चमचेसुद्धा पुरतात. चव गोडसर असल्याने कुत्री तो आवडीने खातात. मग काही तासांत उलट्या, फुगलेलं पोट, आणि बहुतेकदा ऑपरेशन.

उलटी करवू नका, ग्लू अन्ननलिकेत अडकून घट्ट होऊ शकतो. थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट पोटात गेलं तरीही उलटी नको, कारण ते फुप्फुसात उतरतं. खायला काही देऊ नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट पशुवैद्याकडे जा. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, याची चौकशी आजच करून नंबर भिंतीवर लावा.

स्क्रूकडेही लक्ष द्या. जस्ताचा मुलामा असलेले स्क्रू आणि वायसर गिळले, तर पोटातल्या आम्लाने जस्त विरघळतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. ती पांढरी पडून दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट किंवा पिवळसर दिसली, लघवी लालसर झाली, तर सकाळपर्यंत थांबू नका. रोज काम संपल्यावर दोरी बांधलेलं चुंबक जमिनीवरून ओढलं, की चुका आणि पिना गोळा होतात.

प्रश्न: रंध्याचे छिलके कुत्र्याच्या अंथरुणात भरावेत का?

उत्तर: सागवान आणि शिसवाचे नकोत, त्वचेला खाज सुटते. वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचे तर मुळीच नकोत. जुनी चादर बरी. पण जवसाच्या तेलाने पॉलिश करताना वापरलेली फडकी चुकूनही त्या अंथरुणात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं, आणि चुरगाळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. फडकी दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात बुडवा.

प्रश्न: पावसाळ्यात कोपरखैरण्याच्या आमच्या गाळ्यात उंदीर फार होतात. कुत्र्याला त्याचा त्रास होतो का?

उत्तर: होतो. उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, तो माणसालाही लागतो. पावसाळ्याआधी त्याची लस पशुवैद्याकडून घ्या, रेबीजची वेळच्या वेळी चालू ठेवा. उंदरांसाठी विषाच्या वड्या मात्र ठेवू नका, कुत्रं त्या वड्याही खातं आणि मेलेला उंदीरही. पिंजरा लावा, आणि लाकडाचा ढीग जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून हातभर लांब रचा.