'टेक द ए ट्रेन' कोणाची आणि ती सिग्नेचर ट्यून कशी झाली?

अमेरिकन जॅझ संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांनी 'टेक द ए ट्रेन' ही रचना आपल्या वाद्यवृंदासाठी कधी आणि का रचली, असे आपण विचारले आहे. मुळात ही रचना एलिंग्टन यांची नाही, ती त्यांचे सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांची आहे. हे श्रेय इतक्यांदा हरवते की उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी.

डिसेंबर १९३८ मध्ये पिट्सबर्गला दोघांची भेट झाली, तेव्हा स्ट्रेहॉर्न अवघे २३ वर्षांचे होते. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या शुगर हिल भागातील आपल्या घरी 'ए' या भुयारी रेल्वेने कसे यायचे, हे एलिंग्टन यांनी त्यांना सांगितले आणि त्यातूनच पुढे या रचनेचे नाव आले. हा किस्सा सर्वांना ठाऊक असतो. परंतु ती सिग्नेचर ट्यून, म्हणजे वाद्यवृंदाची ओळख ठरलेली धून, होण्याचे कारण वेगळेच, म्हणजे मानधनाचा वाद, हे होते.

संगीतकारांच्या 'आस्कॅप' या संस्थेने प्रसारणाचे शुल्क वाढवून मागितल्यामुळे १ जानेवारी १९४१ पासून मोठ्या रेडिओ कंपन्यांनी तिच्या सदस्यांच्या रचना वाजवणे थांबवले. एलिंग्टन सदस्य असल्याने त्यांची तेव्हाची सिग्नेचर ट्यून 'सेपिया पॅनोरमा' रेडिओवरून बाद झाली. स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टन यांचे पुत्र मर्सर सदस्य नव्हते, म्हणून नव्या रचनांचा सारा भार या दोघांवर आला. जॅझ वाद्यवृंदप्रमुख फ्लेचर हेंडरसन यांच्या शैलीशी फार साम्य आहे म्हणून स्ट्रेहॉर्न यांनी हीच रचना टाकून दिली होती आणि आपण ती कचऱ्यातून उचलली, असे मर्सर सांगत.

१५ फेब्रुवारी १९४१ रोजी ती व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली आणि 'सेपिया पॅनोरमा'च्या जागी नवी सिग्नेचर ट्यून बनली. थोड्याच महिन्यांपूर्वी वाद्यवृंदात आलेल्या रे नान्स यांचे त्यातील ट्रम्पेटवादन इतके चपखल बसले, की पुढील वादक ते जवळजवळ जसेच्या तसे वाजवत राहिले. हेंडरसन यांच्या शैलीशी साम्य असल्याची ती शंका मला मात्र पटत नाही. 'सी' हा षड्ज धरला, तर मुखड्यात पुढे 'ट्रेन' हा शब्द जिथे बसवला गेला, तिथे अनपेक्षितपणे कोमल धैवत लागतो आणि त्याच्या खालच्या स्वरसंघात (कॉर्डमध्ये) तीव्र मध्यम असतो. ही नजर स्ट्रेहॉर्न यांचीच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आस्कॅपचा तो वाद मिटला, जुन्या रचना पुन्हा वाजवण्याची मुभाही मिळाली, तरी एलिंग्टन यांनी १९७४ मधील आपल्या निधनापर्यंत हीच सिग्नेचर ट्यून ठेवली.