सत्तरच्या दशकातील सोल संगीत

प्रश्न : सत्तरच्या दशकातील सोल संगीत (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे भावपूर्ण लोकप्रिय संगीत) आधीच्या दशकापेक्षा वेगळे का वाटते?

उत्तर : माझ्या मते, कलावंतांना मिळालेल्या स्वातंत्र्यामुळे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीत कोणी काय गायचे हे साठच्या दशकात बहुधा कंपनीच ठरवत असे. परंतु १९७१ मध्ये मोटाऊनचेच गायक मार्विन गे यांनी युद्ध, गरिबी आणि प्रदूषण यांवर एकसंध अल्बम काढला, आणि त्याच वर्षी एकविशी गाठलेले तिथलेच गायक स्टीव्ही वंडर यांनी, कंपनीशी असलेला जुना करार संपल्यावर, नव्या करारात निर्मितीचे स्वातंत्र्य पदरात पाडून घेतले. पुढे सिंथेसायझरसह (विजेवर ध्वनी निर्माण करणारे वाद्य) अनेक वाद्ये स्वतः वाजवून त्यांनी १९७४, १९७५ आणि १९७७ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्बमची ग्रॅमी पटकावली. (१९७६ चे विजेते गायक पॉल सायमन यांनी तर, त्या वर्षी अल्बम न काढल्याबद्दल वंडर यांचे गमतीने आभारच मानले!)