कलमं सगळी सेम, मग शुद्ध झाड वेगळं ते काय?

प्रश्न (खानापूर तालुक्यातून): आमची मुलगी धारवाडला ॲग्री शिकतेय, ती म्हणते मक्यासारखी प्युअर लाइन झाडांत करणं लई अवघड. मला काय पटत नाही बघा. आमच्या बागेत हापूसची कलमं आहेत, सगळी एकाच झाडाच्या काडीची, पान-फळ सगळं सेम. याहून एकसारखं अजून काय असतंय? सांगितलं की हसती.

उत्तर: हसू दे की, तिचं बरोबर आहे. तुमची कलमं एकमेकांसारखी आहेत हे खरं (खुंट तेवढा रायवळ कोयीचा, म्हणजे जमिनीखाली प्रत्येक झाड वेगळंच, ते सोडा). पण एका झाडाच्या आत बघा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडनं एक बापाकडनं, आणि हापूसमध्ये त्यातल्या बऱ्याच जोड्या जुळत नाहीत. म्हणून तर हापूसची कोय लावली की हापूस येत नाही. प्युअर लाइन म्हणजे ज्याच्या दोन्ही प्रती सारख्या, त्याचंच बी त्याच्याच परागानं धरलं आणि पेरलं तरी तेच झाड उगवणार.

मक्यात हे जमतं कारण त्याच झाडाचा पराग त्याच्याच कणसावर टाकत गेलं की दर पिढीला न जुळणाऱ्या जोड्या निम्म्या होतात, सात पिढ्यांत शंभरात एकही उरत नाही, आणि वर्षाला दोन पिकं घेतली तर तीन-चार वर्षांत काम संपलं. आंब्याचं कोयीचं झाड मोहोरायलाच पाच-सात वर्षं घेतंय, सात पिढ्या म्हणजे मुलीची नोकरी होऊन ती रिटायर होईल. त्यात दशेरी, लंगडा यांना स्वतःचा पराग चालतच नाही. आणि जिथं चालतो तिथं दोन-तीन पिढ्यांत झाडं खुरटतात, झाकून राहिलेले वाईट जनुक वर येतात.

म्हणून शॉर्टकट काढला. परागकणात गुणसूत्रं (ज्यांच्यावर जनुकं असतात ती) निम्मीच असतात, सफरचंदात 34 ऐवजी 17. त्या निम्म्यापासनंच रोप वाढवायचं आणि मग ती दुप्पट करायची, दोन्ही प्रती आपोआप सेम, सात पिढ्यांचं काम एका झटक्यात. पुंकेसरापासून असं रोप पहिल्यांदा निघालं ते आपल्याच देशात, दिल्ली विद्यापीठात 1964 साली, गुहा आणि महेश्वरी यांनी धोतऱ्यावर केलं. दुप्पट करायला कोल्चिसिन नावाचं रसायन वापरतात, ते कळलावीतही असतंय, पावसाळ्यात तुमच्याकडं कुंपणावर लाल-पिवळी फुलं येतात ती. जहाल विष आहे, घरी प्रयोग नको.

याचा उपयोग? दोन प्रती वेगळ्या असल्या की जनुकांचा नकाशा वाचताना गोंधळ होतो. पीचचा नकाशा 2013 ला आणि गोल्डन डिलिशस या सफरचंदाचा चांगला नकाशा 2017 ला निघाला, दोन्ही अशाच दुप्पट केलेल्या झाडावरनं. शिवाय दोन शुद्ध झाडांचा संकर केला तर पहिली पिढी सगळी सेम येते, मग तिच्या पुढच्या पिढीत कुठला गुण कुठल्या जनुकानं आला ते शोधता येतं. आंब्यात हे सर्रास होत नाही अजून, आणि झालं तरी ते झाड बागेत लावायचं नसतंय, बहुतेक किरकोळ आणि नाजूकच असणार. लॅबचं हत्यार आहे ते. बागेला कलमच बरं.

प्रश्न (निपाणीहून): नर्सरीवाला म्हणतोय कोयीचं रोपही डिट्टो आईसारखं येतं. थापा का?

उत्तर: हापूसच्या बाबतीत थापाच. किनाऱ्याकडच्या काही जातींत मात्र एका कोयीतनं तीन-चार कोंब येतात, त्यातले बरेचसे आईच्याच पेशींपासनं झालेले, परागाचा संबंध नाही, म्हणून हुबेहूब आईसारखे. हापूसच्या कोयीतनं एकच कोंब येतो आणि तो दोघांचा असतो, बाप कोण ते वाऱ्या-माश्यांना माहीत. कोयीच्या रोपाला कलमाचा रेट सांगत असेल तर दुसरी नर्सरी बघा.