आधी कान तयार कर, मग टर्नटेबल घे

अरे, जुनं रॉक ऐकायला लागलास, छानच. पण लगेच टर्नटेबलच्या, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्राच्या, मागे लागू नकोस. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम हेडफोन लावून सलग ऐक. जेमतेम ४३ मिनिटांचा आहे. ठाण्याहून स्लो लोकल पकडलीस तर सीएसएमटीच्या आधीच संपतो. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, शफल लावलंस की सगळं मुसळ केरात. ‘टाइम’च्या सुरुवातीला घड्याळं एकदम ठणाणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कुर्ल्याला डुलकीतून असा दचकलो, की शेजारच्या काकांनी पाणी पुढे केलं!

लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं, ड्रम्स चार मिनिटांनंतर येतात. तेवढा धीर धरवत नसेल तर हा नाद तुझा नाही, राग मानू नकोस.

जुनी एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, घेताना उजेडात तिरकी धरून बघ. केसासारखे चरे चालतात, नखाला लागणारा चरा नको. वाकडी असेल तर फुकटातही घेऊ नकोस. घरी उभ्याच ठेव. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, माझी दोन गेली. आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्याहून जुन्या तबकड्यांवर एलपीची सुई लावू नकोस, त्यांची खाच रुंद असते.