व्हाइटहेड वाचायला सुरुवात करताना

निसर्ग आणि देव यांच्याविषयीचा इंग्रज गणितज्ञ-तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचा विचार समजून घेण्यासाठी तुम्ही थेट त्यांचा ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ (१९२९) हाती घेतलेत, याचे कौतुक वाटते. पण तूर्त ते बाजूला ठेवा, कारण त्यातली परिभाषा भल्याभल्यांना घाम फोडते. त्याऐवजी ‘सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड’ (१९२५) या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण वाचा. तिथे ब्राझीलच्या अरण्याचे उदाहरण आहे: एकटे झाड वाऱ्याने खुरटते, पाऊस त्याच्या बुंध्याशी असलेली माती धुऊन नेतो, अरण्यात मात्र झाडे एकमेकांना सावरतात, माती सावलीत टिकते आणि तिच्यातले सूक्ष्मजीव करपत नाहीत की वाहून जात नाहीत. प्रत्येक अस्तित्व संबंधांतूनच घडते, हा गाभा इथेच पकडा.

नवख्यांच्या दोन चुका हमखास होतात:

- ‘सर्व काही देवच’ असा अर्थ लावणे. व्हाइटहेड यांच्या मतानुसार जग देवात आहे, पण देव जगापुरता नाही. तो सक्ती करत नाही, साद घालतो, म्हणून नदीसारखा निसर्ग राखण्याची जबाबदारी आपल्यावरही येते.
- सर्व जिवांचे मूल्य समान मानणे. मूल्य सर्वांना आहे, मात्र अनुभवाच्या समृद्धीनुसार कमी-अधिक.

पुढे याच परंपरेतले अमेरिकन धर्मतत्त्वज्ञ जॉन कॉब वाचा. अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांच्यासह १९८९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी हा विचार व्यापार, शेती आणि जमिनीच्या वापराला लावून दाखवला आहे. याच परंपरेतले अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स हार्टशॉर्न नंतर.