बागेचं विचारा : विलायती मेंदीचं कुंपण

प्रश्न : रोपवाटिकेतून 'विलायती मेंदी' म्हणून रोपं आणली, पण पानाला वासच येत नाही. फसलो का?
– एक वाचक, कराड

उत्तर : घोळ नावाचा आहे. कुंपणाला लावायच्या निम्म्या झुडपांना आपल्याकडे मेंदीच म्हणतात. खरी विलायती मेंदी म्हणजे मर्टल, जांभूळ-पेरूच्या कुळातली, मूळची भूमध्य सागराच्या काठची. पान इंच-दीड इंचाचं, टोकदार, समोरासमोर जोडीनं. उन्हाकडे धरलं की टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके दिसतात, चुरगाळलं की निलगिरीच्या जवळचा वास येतो. पांढऱ्या फुलात पेरूच्या फुलासारखा केसरांचा झुपका असतो. ठिपके आणि वास कुंतीच्या (कामिनीच्या) झुडपालाही असतात, पण तिच्या एका देठावर अनेक पानुल्या असतात. तुमची बहुधा वनजाई, म्हणजे कडू मेंदी असावी. फुलाला लांब नळी आणि बाहेर आलेले लालसर केसर दिसले, तर शंका नको. उपटू नका, खारवट रानात मर्टलपेक्षा तीच टिकते.

प्रश्न : काळ्या रानात कंपाउंडलगत दीड फुटी खड्डे घेऊन, निम्मं शेणखत घालून मर्टलची 40 रोपं दोन-दोन फुटांवर लावली. ऑगस्टमध्ये दहा वाळली, काही पिवळी आहेत. पाणी वाढवलं तरी फरक नाही.
– एक वाचक, मिरज

उत्तर : पाणी आधी बंद करा. चिकण काळ्या मातीत घेतलेला खड्डा म्हणजे पुरलेली बादली. आत भुसभुशीत माती, कडा घट्ट. पावसाचं पाणी आत उतरतं आणि तिथंच बसतं. वाळलेलं एक रोप उपटून मूळ दोन बोटांत ओढा. तपकिरी साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला, तर ती मूळकूज. मग त्या जागी लगेच नवं रोप लावू नका.

आता उताराच्या बाजूनं फूटभर खोल चर काढून पाणी बाहेर काढा, बुंध्याशी चढलेली माती ओढून घ्या. पाऊस सरल्यावर तीन फूट रुंद, दीड फूट उंच वरंबा घाला : दोन पाट्या रानमाती, एक पाटी तांबडा मुरूम, अर्धी पाटी कुजलेलं शेणखत. पांढरा, चुनखडीचा मुरूम नको. जगलेली रोपं नोव्हेंबरात मातीच्या गड्ड्यासह वरंब्यावर घ्या. गड्डा सभोवारच्या मातीपेक्षा बोटभर वरच राहू द्या. पहिलं वर्ष माती दोन इंच सुकल्यावरच पाणी. मुळं बसली की ही मेंदी उन्हाळ्याची ओढ काढते. ती मरते पावसाळ्यात.

पिवळेपणात फरक ओळखा. जुन्या पानांसकट सगळं झाड मलूल दिसलं, तर मुळं गुदमरली आहेत. फक्त शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीमुळं लोह मिळत नाही. द्राक्षवाल्यांना हे नवं नाही. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा.

प्रश्न : कुंपण दर महिन्याला कातरतो. हिरवं दाट आहे, पण फूल नाही, आणि खालून उघडं पडलंय.
– एक वाचक, सातारा

उत्तर : फुलं नव्या फुटव्यावर पानांच्या बगलेत येतात, आणि तोच फुटवा तुम्ही दर महिन्याला काढता. मुख्य छाटणी बहर ओसरल्यावर करा, मग कळीपर्यंत कात्री लावू नका. काळी फळं हवी असतील, तर एक बाजू तशीच सोडा. भिंतीसारखी सरळ रेघच हवी असेल, तर फुलांचा नाद सोडावा लागेल.

खालचं उघडं पडणं हा आकाराचा दोष. वर दोन फूट असेल तर तळ तीन फूट ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन पोचतं. जुन्या लाकडातूनही हिला फूट येते, म्हणून दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून तोडा. एका वर्षात सगळ्या तोडू नका.

प्रश्न : कुंपणाऐवजी दारात एकच छोटं झाड करता येईल?
– एक वाचक, वाई

उत्तर : येईल. सर्वांत सरळ फांदी काठीला बांधा, बाकीच्या बुंध्याशी कापा. खोडावरची पानं एकदम ओरबाडू नका. दरवर्षी खालचा तिसरा हिस्साच मोकळा करा, नाहीतर खोड काडीसारखं राहून वाऱ्यात वाकतं. पन्हाळीचं पाणी पडतं तिथं मात्र लावू नका.